रिकाम्या तळ्याचा उन्हाळा

व्हर्नानं पाय उपसला तो नुसता मोज्यासकट वर आला. बूट खाली चिखलातच राहिला. हातातली लाकडी चौकट छातीशी धरून ती एका पायावर तोल सांभाळत उभी राहिली. वाकावं तर दुसरा पायही जाणार.

"राहू द्या तो बूट," मागून आवाज आला. "पुढच्या वर्षी पाणी आलं की एखादा मासा संसार थाटेल त्यात."

लाकडी धक्क्याच्या टोकाला एक म्हातारा खुर्ची टाकून बसला होता. गेल्या ऑक्टोबरपर्यंत त्या धक्क्याखाली आठ फूट पाणी होतं. आता भेगाळलेला काळा चिखल होता आणि त्यावर पोपटी लव. म्हाताऱ्याची होडी शेजारीच एका कुशीवर पडली होती आणि मागे अंगणात पाटी रोवलेली होती : आमचं तळं परत द्या. सकाळपासून व्हर्नाला दिसलेली ही अकरावी पाटी.

"विद्यापीठाच्या बाई त्या तुम्हीच ना? मंगळवारी सभेत बोलणार आहात त्या?"

"हो. व्हर्ना प्रोकॉप."

"मी ऑरविल टेश. मी तुमच्या विरुद्ध बोलणार आहे."

"मी अजून काही बोललेच नाहीये."

"म्हणून तर आधीच सांगून ठेवतो."

धरणाच्या भिंतीला भेग पडली होती, म्हणून सरकारी इंजिनियरांनी दारं उघडून तळं रिकामं केलं होतं. भिंत दुरुस्त करून पुन्हा पाणी भरायचं, की नदीला तिच्या वाटेनं जाऊ द्यायचं, हे मंगळवारी गाव हात वर करून ठरवणार होतं. त्याआधी उघड्या पडलेल्या तळावर काय काय उगवलं आहे त्याची यादी करायला व्हर्नाला पाठवलं होतं. सव्वीस वर्षं ती विद्यापीठाच्या वनस्पती संग्रहालयात वाळलेली झाडं कागदावर चिकटवत होती. यादी करणं तिला जमत होतं. भाषण नाही.

तिनं कसाबसा बूट सोडवला तेवढ्यात धक्क्यावरची खुर्ची रिकामी झालेली दिसली. थोड्या वेळानं ऑरविल गोठ्याच्या जुन्या फळ्या ओढत आला आणि एकापुढे एक चिखलावर टाकू लागला.

"मदत करतोय असं समजू नका," तो म्हणाला. "काम वाईट चाललेलं मला बघवत नाही. चाळीस वर्षं कागद कारखान्यात मुकादम होतो."

फळ्यांवरून व्हर्ना पुढे सरकली. दर वीस पावलांवर चौकट खाली ठेवायची, तिच्या आतलं प्रत्येक रोप मोजायचं, वहीत लिहायचं. ऑरविल मागे उभा राहून बघत होता. तिसऱ्या चौकटीपाशी त्याला राहवलं नाही.

"एक्केचाळीस लिहिलंत? त्रेचाळीस आहेत. त्या लव्हाळ्याच्या बुडाशी दोन आहेत बघा."

व्हर्नानं लव्हाळा बाजूला केला. दोन होती. तिनं आकडा सुधारला आणि फळीवर जरा सरकून त्याला जागा करून दिली.

दुपारी त्यांनी फळीवरच बसून त्याचं सॉसेज आणि बिस्किटं खाल्ली. त्याच्या धक्क्याच्या सावलीतली शेवटची चौकट तेवढी राहिली होती. व्हर्ना तिथे वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग ती सरळ पोटावर आडवी झाली, भिंग डोळ्याला लावलं आणि कोपरांवर रांगत पुढे गेली.

"साप आहे का?" ऑरविलनं विचारलं.

"इकडे या. हळू. पाय फळीवरच ठेवा."

त्याचे गुडघे कुरकुरले, पण तो आला. अंगठ्याएवढं रोप होतं. समोरासमोर पानांच्या जोड्या आणि प्रत्येक जोडीच्या बगलेत तांदळाच्या कणीएवढं जांभळट फूल. पुस्तकात त्याला लांबलचक लॅटिन नाव होतं. जुने लोक नुसतं चिखल्या म्हणत. संग्रहालयात या जिल्ह्यातला त्याचा एकच कागद होता. धरण बांधायच्या आधी इथल्या ओल्या कुरणातून कुणीतरी त्यावरचं रोप गोळा केलं होतं. तो कागद व्हर्नानं स्वतः दोनदा डिंक लावून सांधला होता. पण हे झाड जिवंत कसं दिसतं, ते तिला या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

तिनं भिंग ऑरविलला दिलं. त्यानं ते आधी फार दूर धरलं, मग फार जवळ. बराच वेळ झाला तरी भिंग परत येईना.

"आत पट्टे आहेत," शेवटी तो म्हणाला. "पिवळे. एवढ्याशा फुलात. कुणासाठी?"

"ते कुणाला ठाऊक नाही."

"आणि याचं बी आलं कुठून?"

"कुठूनच नाही. इथेच होतं. धरण झालं, कुरण पाण्याखाली गेलं आणि बी गाळात पडून राहिलं. नव्वद वर्षं."

ऑरविलनं भिंग खाली घेतलं. "मी पोहायला शिकलो ते इथेच. या जागेवर. माझी दोन्ही पोरंसुद्धा." त्यानं चिखलाकडे पाहिलं. "म्हणजे आम्ही वर धिंगाणा घालत होतो आणि हे खाली निजलेलं?"

"हो."

दोघांनी मिळून धक्क्याच्या आसपासची सगळी रोपं मोजली. दोनशे बारा भरली. विसात एकाहून जास्त उपटायचं नाही असा नियम होता. व्हर्नानं पाचच घेतली. मुळं धुऊन तिनं रोपं वर्तमानपत्राच्या घडीत पसरली. एक पान मुद्दाम उलटं केलं, मागची बाजू दिसावी म्हणून. मग घड्या दाबून वाळवायला दोन लाकडी जाळ्यांमध्ये घातल्या. जाळ्यांभोवतीचे पट्टे ऑरविलनं आवळले. वहीत 'गोळा करणारे' या शब्दांपुढे तिनं आपल्या नावाशेजारी ओ. टेश असं लिहिलं.

"माझं कशाला?"

"तुम्ही मोजलीत ना."

स्पेलिंग बरोबर आहे का ते त्यानं वाकून पाहिलं. मग म्हणाला, "बाई, एक विचारतो. नव्वद वर्षं थांबलं ना ते? मग पाणी भरलं तर पुन्हा थांबेल."

हा प्रश्न येणार हे व्हर्नाच्या ध्यानात यायला हवं होतं. नाही म्हणून टाकणं सोपं होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "जी रुजली ती काही परत झोपत नाहीत. यंदा त्यांचं नवं बी गाळात पडेल. ते पाण्याखाली नव्वद वर्षं टिकेल की पाच, कुणी मोजलेलं नाही."

"मग मोजायचं कसं?"

"तळं भरायचं. काही वर्षांनी रिकामं करायचं आणि काय उगवतं ते बघायचं."

"आमचं गाव? आपणहून तळं रिकामं करणार?" तो हसला. "मंगळवारीही असंच सांगणार, माहीत नाही म्हणून?"

"दुसरं काय सांगू?"

"मग हरलात तुम्ही."

मंगळवारी संध्याकाळी सभेसाठी अग्निशमन केंद्रातले बंब बाहेर काढून त्यांच्या जागी खुर्च्या मांडल्या होत्या. बसायला जागा उरली नव्हती. व्हर्नानं यादी वाचली : त्रेसष्ट जाती, आणि त्यांतली एक नव्वद वर्षांनी दिसलेली. अध्यक्षांनी विचारलं, पाणी भरलं तर ती मरेल का? व्हर्नानं तेच उत्तर दिलं. खोलीतून सुटकेचा सुस्कारा आला, कुणीतरी टाळीही वाजवली. ती खाली बसली.

मग ऑरविल उठला. त्याच्या हातात चार घड्या घातलेला कागद होता. तो त्यानं उघडलाच नाही.

"मला तळं हवंय," तो म्हणाला. "भेग बुजवा, पाणी भरा. पण दर दहा वर्षांनी एक उन्हाळा दारं उघडी ठेवायची. मे ते ऑक्टोबर. तसा ठराव लिहा."

"कशासाठी?" अध्यक्ष म्हणाले.

"भिंतीची तपासणी होईल. आणि खाली काय जिवंत आहे ते मोजता येईल. बाईंना माहीत नाही. मलाही नाही. तुमच्यापैकी कुणाला असेल तर सांगा."



"आणि त्या उन्हाळ्यात मासे कुठे धरायचे?" मागून कुणीतरी विचारलं.

"नदीत. नदी कुठे पळून चाललीय?"

सभेची कारकून मार्लिस ठराव उतरवून घेऊ लागली. शेवटच्या रांगेत बारचा मालक हार्लन भिंतीला टेकून उभा होता. त्यानं हात तोंडाशी नेऊन हाळी दिली. "अरे ऑरविल, वर्षं मोजलीस का? पाणी येणार पुढच्या वसंतात. दहा वर्षांनी तू पंच्याऐंशीचा होशील लेका!"

सगळे हसले. ऑरविलही हसेल असं व्हर्नाला वाटलं. तो मार्लिसच्या पेनाकडे बघत होता.

"मग आठ लिहा," तो म्हणाला.

हसणं हळूहळू विरलं. मार्लिसनं अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. तिनं 'दहा'वर रेघ मारली, वर 'आठ' लिहिलं आणि ठराव मोठ्यानं वाचून दाखवला. बाजूनं कोण कोण, असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हा पहिला हात वर गेला तो हार्लनचा.