माझं टोक, टाळ्या त्याला

मित्रांनो, आज झेंड्याची काठी म्हणून ताठ उभा असलो, तरी मी मूळचा भाला आहे. आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तुम्हीही मला काठीच म्हणाल.

एल्वुड ग्रॉस यांनी मला चिवट लाकडातून तासलं, पोलादी टोक बसवलं आणि मला घेऊनच ते सामने खेळले. अमेरिकेतल्या आमच्या मेरीलँड राज्याचा मानाचा खेळ, म्हणजे राज्यखेळ, घोडा दौडवत भाल्याने कड्या टिपणं. कोणी कोणाला घोड्यावरून पाडत नाही हो. परगावचे लोक तेच पाहायला येतात आणि हिरमुसतात. तीन कमानींना तीन कड्या लटकतात. बरोबरी झाली की कड्या लहान होत जातात, शेवटी तर तुरीचा दाणा जेमतेम जाईल एवढ्या. त्याही मी टिपल्या आहेत. पुढे राज्याने लॅक्रॉस नावाच्या खेळालाही मान दिला, तेव्हा मी वर्षभर धुमसत होतो. स्वभावच तसा माझा.

मग एल्वुडचा हात थरथरू लागला आणि मी तबेल्यात दोन खिळ्यांवर जाऊन बसलो. तिथली तीनरंगी मांजर माझ्यावर नखं घासायची. आमच्या राज्याने तीनरंगी मांजरीलाही मान दिलेला, मग तिला कोण बोलणार? तेही सोसलं. पण नात हॅटी खेळू लागली आणि तिच्यासाठी ॲल्युमिनियमचा चकचकीत भाला आला, तेव्हा मात्र माझ्या अंगाची लाही लाही झाली. रोज तो दौडून यायचा आणि माझ्याच शेजारी टेकायचा.

ऑगस्टमध्ये चर्चच्या मैदानावर सामने होते आणि तिथली झेंड्याची काठी मोडली. आमच्या राज्याच्या झेंड्याच्या काठीवर नियमाने सोनेरी क्रूसच लागतो, दुसरं काही चालत नाही.

"हा भाला देऊ," एल्वुड म्हणाले. "टोक कापून क्रूस बसवू."

हॅटीने मला खाली काढून हातात तोललं. वाटलं, एकदा तरी घेऊन दौडेल.

"आजोबा, ह्याच टोकाने तुम्ही सगळ्यांना घाम फोडलात ना? कापताय काय?"

"मग तू घेऊन खेळतेस का?"

"जड आहे हो. खांदा निखळेल माझा."

"बघ. टांगून ठेवण्यापेक्षा उभा तरी राहू दे. आणि टोक तुझ्या त्या पोकळ नळीला लावू. तिचं टोक म्हणजे दातकोरणं आहे नुसतं."

करवत फिरली. कापल्याचं दुःख होतंच, पण माझं टोक त्या चकचकीत भाल्याला मिळालं हे जास्त लागलं.

सामन्याच्या दिवशी माझ्यावर झेंडा चढला. हातातली तळलेली कोंबडी खाली ठेवून लोक उभे राहिले, छातीवर हात ठेवले. एवढा मान मला भाला असताना कधी मिळाला नव्हता. माझं लक्ष मात्र हॅटीच्या हाताकडे. सामना रंगत गेला आणि तिची शेवटची, सगळ्यात बारीक कडी उरली. चुकू दे, चुकू दे, असं मी म्हणत होतो.

"निघा, वीरांगने!" पुकारा झाला.

शेजारी उभ्या एल्वुडनी मला मुठीत आवळलं, पूर्वी दौडीआधी आवळायचे तसं. हात थरथरत नव्हता.

घोडा गेला. कडी टोकावर आली. मैदान दणाणलं.

"टोक आपलंच आहे, बरं का," एल्वुड पुटपुटले.

मला ठाऊक होतं. म्हणून तर जास्त जळत होतो. टाळ्या थांबल्या तरी त्यांची मूठ सैल झाली नाही, त्यांनाही तेच होत असावं.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूला नुसता मान देऊ नका, झेपेल तेवढं काम द्या. छातीवर हात ठेवणारे पुष्कळ भेटले मला. मला मुठीत धरून दौडणारं कोणीतरी हवं होतं.