रुखमाची पात

गावात दवंडी दिली आणि तिथंच सरपंच तुळसाबाईचं चुकलं. "उद्या शाळेत कोरोनाची सुई टोचणार हाय होऽऽ, कोणी घर सोडू नका!" असं ऐकल्यावर कोणता शहाणा घरी थांबतो? दिवस उगवायच्या आत अख्खं गाव वावरात पसार. काठी टेकत चालणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा! नर्स अर्पिता दिवसभर शाळेत माश्या मारत बसली. सुई घेतली एकट्या तुळसाबाईनं, वर तिला दोन दिवस ताप आला. झालं! ज्यांच्या वावरात निम्मं गाव मजुरीला जातं ते देवराव पारावर म्हणाले, "पाह्यलं? सरपंचीणच खाटेवर पडली."

तुळसाबाई कसली पडते! पण तिच्या काळजात सल होता रुखमाबाईचा. पंधरा वर्षं दोघींनी शेजारी बसून वावरातलं तण काढलं, निंदण केलं आणि एप्रिलात रुखमा कोरोनानं आठ दिवसांत गेली. मातीला चार माणसंही जाऊ शकली नाहीत. तसं मरण पुन्हा गावात येऊ द्यायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. आज सुईची पेटी पुन्हा येणार होती. भरलेली परत गेली, तर ती पेटी महिनाभर गावाला तोंड दाखवणार नव्हती.

या खेपेला दवंडी नाही. तिनं अर्पिताला वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच्या निंबाखाली बसवलं, पदर खोचला आणि खुरपं घेऊन देवरावांच्या कपाशीत, पऱ्हाटीत उतरली. तीस बायका निंदत होत्या. प्रत्येकीची आपली पात, म्हणजे निंदायचा पट्टा. मधली एक रिकामी होती. रुखमाची. कोणीच धरत नव्हतं. तुळसाबाईनं ती धरली.

"काव सरपंचीण, खुर्ची रुतते काय?" टोळीची म्होरकी बसंतीबाई खिदळली.

सवय मोडलेली, तुळसाबाई मागे पडली. तेव्हा नेहमी होतं तेच झालं. पुढच्या बायका आपसूक मागे फिरल्या, तिच्या वाटचं निंदून तिची पात ओढायला. या टोळीचा कायदाच तो. एकही बाई मागे असेल, तर कोणी पाण्याला तोंड लावायचं नाही.

तुळसाबाई उठून उभी राहिली. "माही पात ओढाले धावल्या. रुखमा मागं राह्यली, तवा आपल्याले जाता आलं नाई व. आता सुई समोर हाय, तं काहून पळता? मले ताप आला, उतरला. पाहा, जित्ती हाय!"

बसंतीबाईनं खुरपं खाली ठेवलं, डोळे पुसले. "चाला व सगळ्या."

निंबाखाली रांग लागली. बायका टोचून घेतात म्हटल्यावर शेजारच्या वावरातले गडी कोणत्या तोंडानं पळतील? तेही आले, मग म्हातारे आले. पेटी रिकामी होत आली, तेवढ्यात देवराव तणतणत पोचले. "निंदण कोण करीन?"

"करतो ना भाऊ," बसंतीबाई म्हणाली, "पण एक माणूस मागं हाय. त्याच्याबिगर आमी पाणी पीत नाई."

"कोण हाय थो?"

तीस बायका त्यांच्याकडेच पाहत होत्या. भरल्या घागरीजवळ, कोरड्या घशानं.

देवरावांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, मग हळूच बाही वर केली. "मले सुईचं लई भेव हाय व तुळसाबाई. कोणाले सांगू नको."

"झालं काका," अर्पिता म्हणाली. बायकांनी असा गलका केला की निंबावरचे कावळे उडाले! तुळसाबाईला हसू आवरेना, रडू आवरेना.

मग घागर फिरली. सगळे पोटभर पाणी प्यायले आणि बायकांनी रुखमाची उरलेली पात मिळून धुऱ्यापर्यंत नेली.