हौसाचा तेरडा

महिपतीने करपलेला तेरडा भराभर उपटला आणि परड्यामागच्या वाहत्या वहाळात भिरकावला. थोडा दगडाला अडकून राहिला, तो त्याने काठीने पुढे ढकलला. दोन-चार बुडखे मुद्दाम कुरतडल्यासारखे अर्धवट तोडून मागे ठेवले. कंपनीत शिफ्ट सांभाळणारा, चाळिशी उलटलेला माणूस, आणि उद्योग हे.

त्याची बायको हौसा जिते गावी बहिणीच्या बाळंतपणासाठी गेली होती. परड्यातलं गवत काढा, पण हाताने काढा, एवढंच जाताना बजावून गेली होती. हाताने काढायचं म्हणजे कंबर मोडायची. महिपतीने अष्टमी गावच्या बाजारातून तणनाशक आणलं, पंप पाठीला लावला आणि ड्यूटीवर जायच्या आधी घाईघाईत मारून मोकळा झाला. वारा कुठला हे बघायला सवड कोणाला होती? शिवाय तेरडा तर रानचाच, त्याला काय होतंय, असं त्याला वाटलं होतं.

पण हा तेरडा आता नुसता रानचा राहिला नव्हता. डोंगराला कुंपण पडलं आणि गौरीसाठी तेरडा आणायची वाट बंद झाली, तेव्हा हौसाने उरलासुरला शोधून त्याचं बी जमवलं होतं. हात लागताच बोंड फुटून बी उडतं, म्हणून आधी खाली पदर धरायचा आणि मग बोंड दाबायचं. पावसात रोपं दाट उगवली की विरळ करायची, मुळाशी माती ओढायची, पाणी साचलं तर चर काढायचा. मुळासकट उपटलेली तेरड्याची जुडी हीच त्यांच्या घरची गौर होती. मूर्ती नाही, मुखवटा नाही. तेरडा नाही तर गौर नाही.

हौसा संध्याकाळी परतली. दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या. हातातली पिशवी खाली न ठेवताच ती परड्यात गेली.

"अवो, तेरडा कुठं गेला?"

"शेळीनं खाल्ला." महिपतीने ठरवून ठेवलेलं सांगून टाकलं.

"कुनाच्या?"

आळीत शेळी एकाच घरी होती, त्याच्या थोरल्या भावाकडे. महिपतीने नुसती त्या बाजूला मान वळवली.

हौसा जी सुटली, ती साऱ्या आळीने ऐकली. भावाची बायको धोंडुबाई आपल्या दारात उभी होती. "शेळी बांधलेलीच हाय गो," असं ती एकदाच म्हणाली आणि खालमानेने आत गेली. घरात बसलेल्या महिपतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तो उठून बाहेर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडुबाई त्यांच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. हातात सूप आणि सुपात हळदकुंकू वाहिलेली तेरड्याची जुडी.

"तुमची गौर आनलीय," ती म्हणाली. "आमच्या दारात होता त्यातला अर्धा हाय. आनि शेळी सकाळीच नागोठण्याला लेकीकडं पाठवली. पुढल्या सालाला तुमच्या तेरड्याला तोंड नाय लागायचं."

गौर आणणारीचे पाय घरातल्या बाईने धुवायचे आणि मग तिला आत घ्यायचं, ही रीत. हौसा चुलीशी पाठमोरी बसली होती, ती उठली नाही. धोंडुबाई सूप सावरत बाहेरच उभी राहिली.

शेवटी महिपतीने तांब्या भरला. पुरुषाचं हे काम नव्हे. तो उंबऱ्याशी खाली बसला आणि वहिनीच्या पायांवर पाणी ओतू लागला. वर बघायचा धीर त्याला होईना.

"भावोजी, तुमी कशाला?"

"वहिनी, शेळी परत आना."

"आं?"

"तिनं नाय खाल्ला. मी औषध मारलं, त्यानं मेला. म्या वहाळात टाकला."

आत भांडं आपटल्याचा आवाज झाला. हौसा उंबऱ्याशी आली. नवऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या हातातला तांब्या तिने ओढून घेतला.

"सरा बाजूला," ती म्हणाली आणि खाली बसून धोंडुबाईचे धुतलेले पाय पुन्हा पहिल्यापासून धुऊ लागली.