छातीभर पाण्यातली चाल

उंबऱ्यापाशी आले की पोस्टमनकाकांचे पाय जमिनीला खिळायचे आणि काकू त्यांना दंडाला धरून ओढायच्या. चार वर्षांपूर्वी कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सनचं, निदान झालं तेव्हापासून काकूंनी त्यांचं सगळंच अंगावर घेतलं होतं. शर्टाची बटणं, चहाचा कप, डॉक्टरांशी बोलणंसुद्धा! प्रेम होतंच, पण लाजही होती. काकांचा झोक जाताना बघून भाजीवाला एकदा "सकाळीच घेतली वाटतं" म्हणाला आणि काकांचं बाहेर जाणं बंद झालं.

महिन्यात दोनदा पडल्यावर डॉक्टरांनी कानउघाडणी केली. "चालले नाहीत तर अंथरूण धरतील. पाण्यातले व्यायाम सुरू करा." नाइलाजानं जोडी कोमट पाण्याच्या तलावावर हजर झाली.

तिथेही पहिल्याच पायरीवर काका थिजले. चारचौघांत चड्डीवर उभे, हात थरथरताहेत. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी सवयीनं दंड धरला.

"काकू, ओढू नका!" पाण्यात उभी असलेली फिजिओथेरपिस्ट म्हणाली. पोरगी लेकीच्या वयाची, पण जिभेला धार. "ते अडलेत, हट्ट नाही करत."

"अगं, मागे माणसं खोळंबलीत!"

"खोळंबू देत. चार मिनिटांनी कुणाचं काय बिघडतंय? आजारापेक्षा तुमची घाईच त्यांना जास्त पाडते."

काकूंना ते झोंबलं. खरं होतं ना!

पोरगी तालात मोजू लागली, "एक, दोन... एक, दोन..." काकांचा पाय उचलला गेला. छातीपर्यंत पाणी आलं, एक हात कठड्याला, पोरगी शेजारी. आणि काका चालू लागले. चांगल्या लांब ढांगा टाकत!

काकू बघतच राहिल्या. ही चाल त्यांच्या ओळखीची होती. लग्न नवं होतं तेव्हा दुपारी खिडकीतून त्या हीच चाल शोधायच्या. खांद्याला पिशवी, खाकी सदरा आणि दारोदारी वाट बघणारी माणसं. कोपऱ्यावरच्या अडाणी म्हातारीला तर काका पत्र तीन-तीनदा वाचून दाखवायचे. जेवण निवलं म्हणून काकू चिडल्या की म्हणायचे, "अगं, तिला समजायला वेळ लागतो." किती सुखाचे दिवस होते ते!

ज्या माणसानं अख्ख्या गावाला वेळ दिला, त्याला आपण चार मिनिटं देत नाही! काकूंचे डोळे भरून आले.

तीन महिने झाले. आता काकूही पाण्यात उतरून त्यांच्याबरोबर चालायच्या. आजार गेला नाही, जाणारही नव्हता. पण काकांचं पडणं कमी झालं आणि दोघं बाजारात दिसू लागली. एकदा शेजारीण काकांसमोरच काकूंना म्हणाली, "आता बरं आहे ना काकांचं?"

काकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं. काका शब्द जुळवत होते. शेजारीण चुळबुळली. काकू ढिम्म.

"पाण्यात..." काका अखेर म्हणाले, "मी हिच्या... पुढे असतो."

तिघंही खळखळून हसली.

मंडळी, कुणाचे पाय अडतील, कुणाचे शब्द. त्यांना ओढू नका, त्यांच्या वतीनं बोलू नका. जरा थांबा. माणूस पोचतो.