सुनावणीपूर्वीचे समाधान

‘प्रशालेचा कोणताही निर्णय संबंधित संशोधकाचे म्हणणे प्रत्यक्ष ऐकून घेतल्याशिवाय होत नाही.’ आमच्या विद्यापीठाच्या केंद्रीय संशोधन प्रशालेने काढलेल्या माहितीपुस्तिकेच्या चौथ्या पानावर हे वाक्य जाड ठशात छापलेले आहे. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. त्यापलीकडे त्याच्या बाजूने बोलण्यासारखे मला काही सापडले नाही.

सहा वर्षांपूर्वी पीएच.डी.चा दर्जा उंचावण्यासाठी ही प्रशाला निघाली. मार्गदर्शक नेमणे, विषय मान्य करणे, नोंदणी चालू ठेवणे किंवा तोडणे हे विभागांचे सगळे अधिकार तिच्याकडे गेले. विद्यार्थ्याला विभागाने ओळखावे आणि त्याच्याविषयी ठरवावे मात्र प्रशालेने, अशी ही व्यवस्था. जो ओळखत नाही तो निःपक्षपाती असतो, हा तिच्यामागचा सिद्धान्त असावा. मंडळावर चौदा सदस्य आहेत. त्यांच्या शिरोभागी संचालक डॉ. मधुसूदन काळबांडे. त्यांनी शेवटचा शोधनिबंध कधी लिहिला, हे प्रशालेच्या संकेतस्थळालाही आठवत नाही.

रोशनी लोणारे ही समाजशास्त्राची संशोधक. राहते सक्करदऱ्याला. इतवारीच्या धान्यबाजारात धान्य चाळणाऱ्या बायकांच्या मजुरीवर तिने चार वर्षे काम केले. प्रबंध लिहून तयार होता. जूनअखेर तो दाखल करायचा होता. मार्चमध्ये प्रशालेने तिची नोंदणीच रद्द केली. कारण, दोन सहामाही प्रगती अहवाल दिले नाहीत. आदेशाला बैठकीचे इतिवृत्त जोडलेले होते: ‘दि. १२ मार्च रोजी उमेदवाराचे म्हणणे ऐकून घेण्यात आले. सखोल चर्चेअंती नोंदणी रद्द करण्याचे ठरले. उमेदवाराने समाधान व्यक्त केले.’

आपली चार वर्षे बुडाली म्हणून समाधान व्यक्त करणारी माणसे विरक्तांच्या चरित्रांतही मोजकीच आढळतात. प्रशालेच्या इतिवृत्तांत मला अशी एकेचाळीस सापडली.

रोशनीने कुलगुरूंकडे तक्रार केली आणि चौकशी माझ्याकडे, म्हणजे इतिहास विभागातल्या एका प्राध्यापकाकडे, आली. प्रश्न एकच होता. सुनावणीशिवाय काढलेला आदेश प्रशालेच्याच नियमाने रद्द ठरतो. तेव्हा सुनावणी झाली की नाही?

रोशनी फाइल छातीशी धरून माझ्यासमोर बसली.

“बारा मार्चला तुम्ही कुठे होतात?”

“प्रशालेतच होती, सर. अकरा वाजतापासून. दारासमोरच्या बाकावर.”

“आत गेलात?”

“बोलावलंच नाही न. प्रेमिला मॅडम म्हणे, बसून राहा वं, बोलावतीन. मंग बारा वाजता दार उघडलं अन् सारे बाहेर आले. एका सरांनी मले विचारलं, नाश्ता कोणत्या खोलीत आहे?”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“सांगितलं, डावीकडच्या. मले वाटलं, नाश्ता झाला की बोलावतीन. साडेचारले शिपायानं कुलूप लावलं.”

तिने फाइल उघडली. दोन्ही अहवालांच्या पोचा त्यात होत्या. तारखा वेळेतल्या, शिक्का प्रशालेचा, सही प्रशालेच्या आवक लिपिकाची. आत जाऊन हे दोन कागद टेबलावर ठेवायला तिला एक मिनिट पुरले असते. ती ते घेऊन साडेपाच तास बसली होती.

प्रेमिलाबाई प्रशालेच्या कार्यालय अधीक्षक. त्यांच्यात लबाडी नाही. त्या कारकुनीत पारंगत आहेत, इतकेच.

“खोटं काहून बोलू, सर? इतिवृत्त आम्ही आदल्या दिवशीच टाइप करून ठेवतो.”

“बैठकीच्या आदल्या दिवशी?”

“मंग! मीटिंग झाल्यावर सह्या भेटतात का? कोणी महाल भागात राहते, कोणी वर्ध्याहून येते. एका सहीसाठी मी तीन-तीन चकरा मारल्या आहेत, उन्हाच्या. आता दारातच हजेरीवर सही घेतो, तिथंच इतिवृत्तावर. दोन्ही कामं एका पेनात होऊन जातात.”

“आणि उमेदवाराचं समाधान?”

“ते फॉरमॅटमधीच आहे न, सर.”

“मग त्या मुलीला बोलावलं कशाला?”

प्रेमिलाबाई जराशा दुखावल्या. “नियम आहे न बोलवायचा. बोलावलं तर होतं!”

चौदा प्राध्यापकांनी त्या कागदावर सही केली होती. त्यांतल्या कोणी तो वाचला असेल, असा आरोप मी त्यांच्यावर करणार नाही.

डॉ. काळबांडे यांनी मला चहा पाजला. “सर, तुम्ही तर इतिहासवाले. लिखित पुरावा तुमच्यापुढं आहे. चौदा सह्या आहेत. आता अजून काय पाहिजे तुम्हाला?”

मी दोन्ही पोचा त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या.

“हे तिनं तेव्हाच काहून नाही दाखवलं?”

“दाखवायलाच आली होती. बाकावर होती.”

“मग बैठकीत हरकत घ्यायची!”

“बैठकीत तिला घेतलं नव्हतं.”

त्यांच्या चेहऱ्यावर शरम शोधण्याचा अपव्यय मी केला नाही. तिथे अडचण होती, प्रशासकीय. मी त्यांच्याकडे लेखी खुलासा मागितला. ते एकदम मोकळे झाले. कागद मागितला की ही माणसे स्वतःला सुरक्षित समजतात. त्यांनी प्रेमिलाबाईंना बोलावले, उभ्याउभ्या खुलासा सांगून लिहून घेतला, एका ठिकाणी स्वल्पविराम वाढवला, सही केली, शिक्का मारला आणि आपली बाजू भक्कम मांडल्याच्या आनंदात तो माझ्या हाती दिला.

माझ्या अहवालाला त्यानंतर युक्तिवादाची गरज उरली नाही. मी खुलासा जोडला आणि खाली नियमाचा क्रमांक लिहिला. आदेश रद्द झाला. रोशनीचा प्रबंध सव्वीस जूनला दाखल झाला. मंडळावर तेच चौदा जण आहेत, संचालकही तेच. त्यांच्या खुलाशाचा शेवटचा परिच्छेद शब्दशः देतो:

“सदर उमेदवारास आत बोलावून तिचे म्हणणे ऐकून घेतले असते, तर निर्णय बदलावा लागला असता. तथापि, इतिवृत्तावर सर्व सन्माननीय सदस्यांच्या सह्या आधीच झालेल्या असल्यामुळे, तसे करणे प्रशासकीयदृष्ट्या शक्य नव्हते.”