जाड मुठीचा पटर

मूल म्हणजे म्हातारपणाची काठी, असं दातांचे डॉक्टर आयुष्यभर ऐकत आले होते. त्यांच्या लेकीने त्यांना गोल्फच्या दुकानात नेऊन एकदम बॅगभर काठ्या घेऊन द्यायचं ठरवलं. निमित्त निवृत्तीचं. निवृत्तीचा निर्णयही लेकीचाच, कारण दवाखाना आता तीच चालवत होती आणि डॉक्टरांचा हात कापायला लागला होता. ‘कापतो’ हा तिचा शब्द. डॉक्टरांच्या मते मागच्या महिन्यात ड्रिल निसटलं ते पेशंटची जीभ मध्ये आली म्हणून. पेशंट वकील होता. जीभ मध्ये घालणं हा त्याचा धंदाच.

डॉक्टरांचं मागणं फार नव्हतं. फक्त शनिवारची सकाळ दवाखान्यात बसू द्यावं.

“शनिवारी मैदानावर जा ना, बाबा. मोकळी हवा, चार माणसं भेटतील.”

“चार माणसं मला खुर्चीत भेटायची. तीही तोंड उघडून.”

दुकानदाराने टेप काढून डॉक्टरांच्या मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं. “नवशिके ना, काका? मग सात काठ्या पुरे. पूर्ण सेट नेणारे पुढच्या महिन्यात तो विकायला आणतात. आणि दांडी लवचिक घ्या. या वयात कडक नको.”

डॉक्टरांनी एकेक काठी उजेडात फिरवून पाहिली, तिच्या लोखंडी डोक्यावर नखाने टकटक केलं, कीड शोधावी तसं. मग विचारलं, “या निर्जंतुक कशा करायच्या?”

“ओल्या फडक्याने पुसायच्या.”

या खेळाबद्दलचं डॉक्टरांचं मत तिथेच कायम झालं.

शेवटी पटर आला. जवळचा चेंडू हळूच भोकात ढकलायची ती काठी. ती तपासून बघायला दुकानात हिरवं जाजम अंथरलं होतं आणि त्याच्या टोकाला भोक होतं. भोक दिसताच डॉक्टरांना हुरूप आला. भोकं बुजवण्यातच त्यांची हयात गेली होती.

“चेंडू आत गेला, तर शनिवार माझा.”

“बाबा, हे काय आता...”

“बोल.”

“बरं. तुमचा.”

पहिला चेंडू बुटांच्या कपाटाखाली गेला.

“जाजम वाकडं आहे,” डॉक्टर म्हणाले. लेकीच्या ओठांवर अंगणाची म्हण आली होती. वडील म्हणून तिने ती गिळली. दुसरा चेंडू पहिल्याला सोबत करायला गेला.

दुकानदाराला दया आली. त्याने आतून दुसरा पटर आणला. त्याची मूठ मोठ्या काकडीएवढी जाड होती. डॉक्टरांनी तो दोन्ही हातांत धरला. चेंडू सरळ गेला आणि टपकन आत पडला.

“बघ! शनिवार!”

लेक भोकाकडे नाही, मुठीकडे बघत होती. “ही एवढी जाड का?”

“ज्यांचे हात कापतात ना ताई, त्यांच्यासाठीच असते ही,” दुकानदार खुशीत म्हणाला. “मनगट हलूच देत नाही. भरपूर खपते.”

“हाच घेऊ या, बाबा,” लेक म्हणाली. इंजेक्शनच्या आधी काढायच्या मऊ आवाजात. तो आवाज डॉक्टरांनीच तिला शिकवला होता. शनिवारचं नाव मग कोणीच काढलं नाही.

ती गाडी आणायला गेल्यावर डॉक्टरांनी हळूच विचारलं, “नुसती मूठ मिळते का?”

“मिळते की. कशावर बसवायचीय?”

“आरशावर.”

दुकानदाराने एक मूठ कागदात गुंडाळून दिली. गिऱ्हाईक कसंही असो, गिऱ्हाईक असतं.

घरी डॉक्टरांनी ती मूठ सुरीने कापली आणि तोंडात घालायच्या छोट्या आरशाच्या दांडीवर चिकटपट्टी गुंडाळून घट्ट बसवली. मग खिडकीपाशी स्टूल मांडलं आणि बायकोला हाक मारली. तिची दाढ आठवडाभर ठणकत होती.

“बस. आ कर बघू.”

ती बसली. डॉक्टरांनी आरसा धरला. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात. हाताला मात्र लागतो. खिडकीतलं ऊन आरशावर पडलं होतं आणि त्याचा कवडसा छतावर थयथय नाचत होता. बायकोने मान वर करून तो पाहिला. बराच वेळ पाहिला.

“अहो, दुखायची थांबली दाढ,” ती ओठ न उघडता म्हणाली.

“कधी?”

“आत्ताच.”

तिचा उजवा गाल सकाळपेक्षा जास्तच सुजला होता.