लगतचे खातेदार

चारशे सतरा नंबरच्या शेतात पाणी होतं. उल्काने चष्मा पुसला, पडद्यावरचं चित्र बंद केलं आणि पुन्हा उघडलं. पाणीच. दुधाळ चहाच्या रंगाची तीन मोठी डबकी, भोवती उकरलेल्या मातीचे ढीग आणि कडेला एक पिवळा ठिपका, बहुधा खोदाईच्या यंत्राचा. सहा महिन्यांपूर्वी, सप्टेंबरात तिने हेच शेत पाहिलं होतं तेव्हा इथे केळी होत्या आणि केळींच्या सावलीत काहीतरी बारीक हिरवं होतं. आता केळी सोडाच, गवताची काडीही दिसत नव्हती.

हे शेत होतं घानात आणि उल्का बसली होती आयर्लंडात, रिंगास्किडीच्या बंदराजवळ एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर. खाली कोकोची पोती, वर पाच माणसांचं ऑफिस. आठवड्यातले चार दिवस ती इथे यायची आणि आकाशातून काढलेल्या चित्रांमध्ये शेतं बघायची. युरोपात नवा नियम येऊ घातला होता: २०२० च्या डिसेंबरनंतर जिथे जंगल तोडलं, तिथला कोको आणायचा नाही. प्रत्येक पोत्यामागचं शेत नकाशावर दाखवायचं आणि तिथे जंगल तुटलेलं नाही याची खात्री द्यायची. खात्री पटली की हिरवा शेरा, नाही पटली की लाल. लाल शेरा पडला की शेतकऱ्याचं नाव यादीतून गेलं.

या कामाला उल्कापेक्षा लायक माणूस अख्ख्या कॉर्क परगण्यात मिळाला नसता, असं तिचा साहेब डोनल चारचौघांत सांगायचा. ते खोटं नव्हतं. उल्काने चिपळूणच्या भूमी अभिलेख कार्यालयात नऊ वर्षं भूकरमापक म्हणून काढली होती. डोंगरउतारावरच्या, काट्याकुट्यातल्या, भावाभावांनी कोर्टात नेलेल्या जमिनी तिने मोजल्या होत्या. मग नवऱ्याला, चारुदत्तला, इथल्या औषधाच्या कारखान्यात नोकरी लागली आणि ती त्याच्या मागोमाग आली. पहिली दोन वर्षं कॅरिगलाइनच्या भाड्याच्या घरात तिने सगळे प्रेस आवरले. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. आवरून झाले की पुन्हा आवरले. त्यामुळे ही नोकरी मिळाली तेव्हा तिने पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

चारशे सतराला सप्टेंबरात लाल शेरा तिनेच दिला होता.

तिने सहकारी संस्थेच्या एबेनेझरला फोन लावला. एबेनेझर म्हणजे त्या भागातला संस्थेचा माणूस, मोटरसायकलवरून गावोगाव फिरणारा. तो नेहमी आधी हवापाणी, मुलीची शाळा वगैरे विचारायचा. आज उल्काने त्याच्या आधीच शेताचा नंबर सांगितला.

"यॉ ओपोकूचं शेत," तो म्हणाला. "मॅडम, तिथे आता सोनं काढतात."

मग त्याने जे सांगितलं ते उल्काने एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पेन धरून ऐकलं, पण लिहिलं एक अक्षर नाही. ओपोकूच्या शेतात कधी जंगल नव्हतंच. त्याच्या बापाने लावलेली कोकोची जुनी बाग होती, मोठ्या झाडांच्या सावलीतली. तिला रोग लागला. फांद्या सुजायच्या, झाडं वाळायची, आणि त्यावर औषध नव्हतं. २०२१ मध्ये सरकारचीच माणसं येऊन सगळी बाग मुळासकट तोडून गेली, रोग पसरू नये म्हणून. नवी रोपं दिली, सावलीला केळी लावायला सांगितलं. ओपोकूने चार वर्षं ती रोपं वाढवली आणि गेल्या ऑक्टोबरात पहिल्यांदा फळ धरलं. ते घेऊन तो संस्थेत गेला तर यादीत त्याचं नाव नव्हतं.

उल्काने विचारलं, हे मला कुणी कळवलं का नाही. एबेनेझर अतिशय अदबीने म्हणाला, "मॅडम, तुम्ही विचारलं नव्हतं."

त्यांच्या कामात ती सोय होती. शंका आली की संस्थेला प्रश्न पाठवायचा, त्यांचा माणूस शेतावर जाऊन बघायचा, पंधरा दिवसांत उत्तर यायचं. सप्टेंबरात सहाशे चाळीस शेतं होती आणि डोनलला यादी शुक्रवारी हवी होती. पण घाई हे निमित्त झालं, हे तिचं तिला ठाऊक होतं. खरी गोष्ट अशी की तिला आपल्या नजरेचा गर्व झाला होता. २०२० च्या चित्रात दाट हिरवं, २०२२ च्या चित्रात उघडी माती. बघितलं, मान डोलावली, लाल केलं. अशी अकरा शेतं. त्या शुक्रवारी डोनलने तिच्यासाठी केक आणला होता.

"अजून एक आहे," एबेनेझर म्हणाला. "ओपोकू मला सारखं विचारतो, मोजायला माणूस कधी आला होता? सप्टेंबरात तो मेहुण्याच्या अंत्यविधीला चार दिवस गावाबाहेर होता. त्याला वाटतं, माणूस नेमका तेव्हा येऊन गेला. तो म्हणतो, मी घरी असतो तर दाखवलं असतं."

खिडकीबाहेर फ्रान्सहून आलेली फेरीबोट धक्क्याला लागत होती, सेंट पॅट्रिक्स डेच्या हिरव्या कागदी पताका अजून काचेवर चिकटलेल्या होत्या, आणि तिच्या डोळ्यासमोर अनोळखी माणूस आपल्याच अंगणात स्वतःला दोष देत उभा होता. ओपोकू आता काय करतो, असं तिने कसंबसं विचारलं. चार महिने तो थांबला, एबेनेझरने सांगितलं. खोदाईवाले दर आठवड्याला यायचे. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी जमिनी दिल्या, मग यानेही दिली. आता तो तिथेच यंत्राची राखण करतो.

डोनल माणूस वाईट नव्हता. उल्काने त्याला बोलावून पडद्यावरची डबकी दाखवली तेव्हा त्याने तोंडावर हात ठेवला, देवाचं नाव घेतलं. मग खुर्ची ओढून बसला आणि मनापासून म्हणाला, "पण बघ, तू आधीच काढला होतास त्याला. तू बरोबरच होतीस."

एबेनेझरच्या फोनपेक्षा हे वाक्य उल्काला जास्त लागलं. कारण पडदाही तेच म्हणत होता. चारशे सतरा लाल, आणि आता तिथे खरोखरच झाड उरलं नव्हतं. सप्टेंबरातली तिची चूक मार्चमध्ये खरी होऊन बसली होती. पुढे कोणीही तपासायला आलं असतं तरी त्याने तिची पाठ थोपटली असती.

सप्टेंबरचा शेरा मला दुरुस्त करायचाय, ती म्हणाली. डोनलने समजावलं की आता त्याचा उपयोग नाही, आणि तसंही नियमाची तारीख डिसेंबरात पुन्हा पुढे गेली आहे, ग्रँड आहे सगळं, म्हणजे इथल्या बोलीत झकास. तारीख पुढे गेली हे उल्कालाही माहीत होतं. ती बातमी आली तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला होता, तिनेही. यादी मात्र कोणी पुन्हा उघडली नव्हती. ओपोकू तेव्हा फळं घेऊन घरी परतलेला होता.

घरी तिने चारुदत्तला सगळं सांगितलं. तो कणीक मळता मळता ऐकत होता. मुलगी इशिता टेबलाशी अभ्यास करत होती. "अगं, तू नियमाप्रमाणेच केलंस ना," तो म्हणाला. "सॅटेलाइटवर जे दिसलं ते दिसलं. तो शेतकरी, युअर मॅन, तिकडे काय करतोय, तुला इथून कसं कळणार?"

उल्काने लॅपटॉप उघडून गुहागर शोधलं, मग मावशीचं घर, मग घरामागचं आगर. नारळ, पोफळी, फणस, जायफळ. लहानपणी सुट्टीत ती तिथे झावळ्या ओढत हिंडायची. वरून बघताना ते गच्च रान दिसत होतं. तिने लॅपटॉप चारुदत्तकडे वळवला.

"हे काय आहे, सांग."

"जंगल," तो म्हणाला. मग खालचं कौलारू छप्पर त्याने ओळखलं आणि त्याचा पिठाचा हात तसाच राहिला. इशिताने मान वाकवून बघितलं. "But that's Maushi-aji's garden," ती म्हणाली.

"चिपळूणला मी शेजाऱ्यांना बोलावल्याशिवाय कधी मोजणीची साखळी उलगडली नाही रे," उल्का म्हणाली, आणि मग तिला रडू आवरलं नाही.

जमिनीची मोजणी असली की आधी नोटीस जायची. मालकाला आणि लगतच्या खातेदारांना, म्हणजे बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्यांना. ते सगळे बांधावर यायचे, बहुतेक वेळा भांडायचे, मोजणीला आलेल्या बाईला चार शब्द सुनवायचे. पण कुठलं झाड कोणी लावलं, पाणी कुठून यायचं, हे त्यांनाच ठाऊक असायचं. त्यांचे जबाब आणि सह्या झाल्याशिवाय कागद पुरा होत नसे. एकदा एका शेजाऱ्याला ताप भरला होता तर उल्काने त्याच्या खाटेशी बसून जबाब घेतला होता. तीच उल्का इथे येऊन सहाशे चाळीस शेतं दोन दिवसांत उरकून केक खाऊन घरी गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिने दोन कामं केली. उरलेल्या दहा लाल शेतांचे प्रश्न एबेनेझरला पाठवले आणि उत्तरं येईपर्यंत पुढची यादी निघणार नाही असं डोनलला सांगितलं. तो तिच्या चेहऱ्याकडे बघून हो म्हणाला. मग तिने एक कागद लिहिला, साध्या इंग्रजीत, पण मांडणी सगळी चिपळूणची. शेताचा नंबर, खातेदाराचं नाव, तारीख. सप्टेंबरात या जमिनीवर जंगल तुटल्याचा शेरा देण्यात आला तो चुकीचा होता, इथे जुनी बाग होती आणि ती रोगामुळे तोडली गेली. खाली सही. सवयीने हाताने आणखी तीन रेघा मारल्या गेल्या, मालकाची एक आणि लगतच्या खातेदारांच्या दोन. डोनलने शिक्का मारताना त्या रेघा कशाच्या म्हणून विचारलं. असतात, ती म्हणाली.

सहीच्या वर तिने एक ओळ मागाहून घातली आणि कागद पाठवताना ती ओपोकूला त्याच्या भाषेत वाचून दाखव असं एबेनेझरला बजावलं: मोजणीच्या दिवशी खातेदार गैरहजर नव्हते, मोजणारी गैरहजर होती.

नऊ दिवसांनी एबेनेझरचा फोटो आला. त्याने कळवलं होतं की ओपोकूने ती ओळ दोनदा वाचून घेतली, मग तो उठून कुठेतरी गेला. अर्ध्या तासाने परत आला तेव्हा बरोबर दोघं जण होते. फोटोत कागद यंत्राच्या पिवळ्या पत्र्यावर पसरलेला होता, वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यावर एक बोट. ओपोकूची सही मोठ्या, सुट्या अक्षरांत होती. खालच्या दोन रेघांवर दोन्ही बाजूंचे शेजारी होते, एकाची सही आणि एकाचा अंगठा.